अमेरिकेत मत आहे पण दोन्ही उमेदवार नको, भाच्याला काय सांगू?

तापीकाठचा_मामा (चोपडा)
19 ऑक्टोबर 2024

राम राम मंडळी. विषय आपल्या गावाबाहेरचा आहे पण इथंच टाकतो, कारण घरात काढला की पाहुणे मंडळीत भांडण होतं.

माझा भाचा पेनसिल्व्हेनियात असतो, गेल्या वर्षी सिटिझन झाला आणि आता प्रेसिडेंटसाठी पहिल्यांदाच मत देणार. मतपत्रिका पोस्टाने घरी आली. काल रात्री व्हिडिओ कॉलवर दाखवली, किचनच्या ओट्यावर ठेवलेली, एका बाजूला दुधाची कॅन आणि एका बाजूला ही. भली मोठी जाड कागदाची, नावापुढे लंबगोल, पेनाने काळं करायचं. म्हणे मामा आठ दिवस झाले इथंच पडलीय, रोज चहा घेताना बघतो आणि परत पालथी ठेवतो.

त्याचं म्हणणं असं की ट्रम्पची भाषणं ऐकली की आपण इथले आहोत असं वाटतच नाही, आणि कमला हॅरिसला प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, कोणी निवडलंच नाही, बायडन 21 जुलैला बाजूला झाले आणि बाईंना आयतं तिकीट मिळालं. किराणा महाग, घराचा हप्ता महाग, आणि टीव्ही लावला की फक्त हा तिला शिव्या देतो ती त्याला. मला विचारतो मामा तू इतकी वर्षं राजकारण बघतोयस, सांग, घरी बसू का तिसऱ्या कोणाला देऊ का डोळे मिटून एकाला. मी काय सांगणार, माझ्याच तालुक्यात 20 नोव्हेंबरला कोणाला द्यायचं ते मला कळत नाहीये, ज्याला मागच्या वेळी दिलं तो कोणत्या पक्षात आहे ते चिन्ह बघून आठवावं लागतं.

जाणकारांनी नीट सांगा. कोणत्याही पक्षाची जाहिरात नको.

शेवभाजी_धुळे
19 ऑक्टोबर

नोटा दाब म्हना भो त्याले. दोन्ही बी सारखाच शेतस 😀

तापीकाठचा_मामा
19 ऑक्टोबर

अरे भो तिकडं नोटा नाही ना, मी पण आधी तेच सांगितलं तर हसला माझ्यावर.

भुसावळ_जंक्शन
19 ऑक्टोबर

आहे की, पण एकाच राज्यात. नेवाडा. तिथं 1975 साली कायदा केला, तेव्हापासून मतपत्रिकेवर "यापैकी कोणीही नाही" अशी ओळच असते. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 27 सप्टेंबर 2013 ला, म्हणजे ते आपल्या 38 वर्षं पुढे. आणि गंमत ऐका, यंदा फेब्रुवारीत तिथं रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी झाली, ट्रम्प त्या प्रायमरीत नव्हतेच, ते दुसरीकडे कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या सभांमधून होणाऱ्या निवडीत उतरले, तर निकी हेली एकट्याच मोठं नाव होत्या आणि त्या "कोणीही नाही"कडून पडल्या. तिला 30 टक्के आणि कोणीही नाही ला 63 टक्के. माणसासमोर पडणं समजू शकतो, पण रिकाम्या ओळीसमोर पडायचं म्हणजे…

पण फायदा काय? कोणीही नाही ला कितीही मतं पडली तरी जिवंत माणसांत ज्याला जास्त तोच जिंकतो. आपल्याकडे पण तसंच. यंदा लोकसभेला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला, नोटाला 2,18,674 मतं पडली, दोन लाख! आणि निवडून आलेला अकरा लाखाच्या वर फरकाने आला. 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या नंबरवर होता. झालं काय? काहीच नाही. डिपॉझिट जप्त करायला जी वैध मतं मोजतात त्यातसुद्धा नोटा धरत नाहीत.

केळीवाला_सावदा
20 ऑक्टोबर

मामा माझा साधा हिशोब. बाग कापणीला आली की व्यापारी येतात दोन. एक बोर्ड भावापेक्षा दोनशे कमी सांगतो, दुसरा म्हणतो भाव देतो पण पैसे महिन्याने. दोघंही लबाड, हे मला माहीत, माझ्या बापालाही माहीत होतं. मी म्हटलं दोघांनाही देत नाही जा, तर काय होतं? माल झाडावर पिकतो आणि तिसऱ्या दिवशी फुकट जातो. व्यापाऱ्याचं काय जातं, तो पुढच्या बांधावर. म्हणून दोघांत कमी बुडवणारा कोण ते बघायचं, त्याला माल कापायला द्यायचा आणि वजनकाट्यावर स्वतः उभं राहायचं. भाच्याला म्हणा घरी बसू नको.

नाराज_मतदार_नंदुरबार
20 ऑक्टोबर

हेच, हेच करून करून आपली ही गत झाली. कमी बुडवणारा कमी बुडवणारा म्हणत आपण सत्तर वर्षं बुडून राह्यलो. दोन्ही व्यापाऱ्यांना माहिती आहे ना की तू तिसरीकडे जाणार नाही, मग ते भाव का वाढवतील?

भाच्याला सांगा तिसऱ्याला दे. 1992 ला रॉस पेरो नावाचा पैसेवाला अपक्ष उभा राहिला, 18.9 टक्के मतं घेतली, दर पाच माणसांत जवळपास एक. सरकारी तूट तूट करत बसला होता, शेवटी दोन्ही पक्षांना त्या विषयावर बोलावंच लागलं. आणि देशभरात 5 टक्के मतं मिळाली तर त्या पक्षाला पुढच्या निवडणुकीत सरकारी पैसे मिळतात असा तिकडे नियम आहे. म्हणजे मत वाया जात नाही.

भुसावळ_जंक्शन
20 ऑक्टोबर

पेरोला 18.9 टक्के मिळाले हे बरोबर, पण इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यांच्या वाट्याची, ज्यांवर अध्यक्ष ठरतो ती, किती मिळाली ते पण लिहा ना. शून्य. 538 पैकी शून्य.

नाराज_मतदार_नंदुरबार
20 ऑक्टोबर

शून्य मिळाली म्हणून त्या 18.9 टक्के लोकांचं मन शून्य होतं का? हा तर सिस्टीमचा दोष, मतदाराचा नाही. तुम्ही जंक्शनवाले, तुम्हाला दोनच फलाट दिसतात.

भुसावळ_जंक्शन
20 ऑक्टोबर

आमच्याकडे दोनापेक्षा बरेच जास्त फलाट आहेत, या कधी 😄

शिरपूर_ते_पिट्सबर्ग
20 ऑक्टोबर

मी मूळ शिरपूरचा, पिट्सबर्गला राहतो, म्हणजे मामांचा भाचा माझ्याच राज्यातला. थोडं सविस्तर लिहितो, इकडे आता सकाळ आहे आणि आज रविवार.

पहिली गोष्ट. तिसऱ्याला द्यावं का नाही याचं उत्तर तुम्ही कोणत्या राज्यात राहता त्यावर आहे, मनावर नाही. इथं देशाची मतं एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक इलेक्टोरल मतं, एकूण 538, जिंकायला 270. राज्यात एका मताने जरी पुढे असलात तरी त्या राज्याची सगळी तुमची, फक्त मेन आणि नेब्रास्कामध्ये थोडी वाटून जातात. त्यामुळे माझा एक मित्र कॅलिफोर्नियात आहे, तिथं निकाल आधीच ठरलेला, तो खुशाल तिसऱ्याला देतो आणि शांत झोपतो. पेनसिल्व्हेनियात तशी सोय नाही. आमच्याकडे 19 मतं आहेत आणि दोघंही आमच्या दारात तंबू ठोकून बसलेत. माझ्या पोस्टाच्या पेटीत रोज चार-पाच गुळगुळीत पत्रकं, घरातला मुलगा त्यांची विमानं करतो.

2016 चं उदाहरण देतो. तेव्हाही लोकांना दोघं आवडत नव्हते, सर्व्हेत ट्रम्पना नापसंत करणारे निम्म्याहून जास्त आणि हिलरीला नापसंत करणारेही निम्म्याहून जास्त. पेनसिल्व्हेनियात ट्रम्प 44,292 मतांनी जिंकले. ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइनला याच राज्यात 49,941 मतं पडली. लिबर्टेरियन नावाच्या आणखी एका पक्षाच्या गॅरी जॉन्सनला तर जवळपास दीड लाख. आता ही सगळी मतं दुसऱ्या कोणाला गेली असती असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, जॉन्सनवाले बरेच उजव्या बाजूचे, काही घरीच बसले असते. पण आकडे शेजारी ठेवले की पोटात गोळा येतो एवढं खरं. देशात हिलरीला साधारण 29 लाख मतं जास्त होती आणि तरी ती हरली.

आणि 2000 सालचं फ्लोरिडा तर सगळ्यांना पाठ आहे. बुश गोरच्या पुढे फक्त 537 मतांनी. तिसरा उमेदवार राल्फ नेडर, त्याला 97,488. माझ्या ऑफिसातली एक म्हातारी बाई तेव्हा फ्लोरिडात होती, तिने नेडरला दिलं होतं, चोवीस वर्षं झाली अजून विषय निघाला की कॉफीचा कप घेऊन उठून जाते.

दुसरी गोष्ट, ही भाच्याला आजच सांगा. मतपत्रिका फक्त अध्यक्षाची नाही. त्याच कागदावर सिनेटर आहे, हाउस म्हणजे इथली लोकसभा आहे, राज्याचा ॲटर्नी जनरल, ऑडिटर जनरल, ट्रेझरर, विधानसभा आहे. अध्यक्षाचा रकाना कोरा ठेवला तरी बाकीची मतं मोजली जातात, पत्रिका बाद होत नाही. घरी बसला तर तेही सगळं गेलं. अध्यक्षाला राग येऊन आपल्या भागाच्या प्रतिनिधीला मत न देणं म्हणजे नवऱ्या मुलावर रुसून पंगतीतनं उठणं.

तिसरी, पत्रिका आधी आतल्या पिवळ्या की पांढऱ्या, जे असेल त्या गुप्ततेच्या पाकिटात घालायची, मग बाहेरच्या पाकिटात. आतलं पाकीट विसरला तर मत बाद. बाहेरच्या पाकिटावर सही आणि तारीख, आजची तारीख, जन्मतारीख नाही. यावर इथं कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. आणि 5 नोव्हेंबरला रात्री 8 च्या आत ती निवडणूक ऑफिसात पोचली पाहिजे, पोस्टाचा शिक्का चालत नाही. पोस्टावर विसंबू नका म्हणावं, स्वतः जाऊन टाक.

केळीवाला_सावदा
20 ऑक्टोबर

बघा. काट्यावर स्वतः उभं राहायचं म्हणत होतो ते हेच.

मास्तर_पारोळा
21 ऑक्टोबर

सर्वांचं वाचलं. नंदुरबारचे भाऊ आणि सावद्याचे भाऊ दोघंही बरोबर आहेत आणि दोघांचंही भांडण एका सोप्या गोष्टीने मिटतं, जी आम्ही शिक्षक लोक जूनमध्येच करून आलो.

नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघ. जळगाव, धुळे, नंदुरबार सगळे त्यात येतो. आत गेलं की मशीन नाही, कागद मिळतो आणि सोबत जांभळा स्केचपेन मिळतो, तोच वापरायचा, स्वतःचं पेन वापरलं तर मत बाद. नावापुढे फुली नाही मारायची, आकडा लिहायचा, 1, मग 2, मग 3. माझ्या पुढचे एक सर पाच मिनिटं आत उभे, बाहेर आल्यावर म्हणतात अहो मी एकाला एक दिला आणि मग विचार करत बसलो की दोन कोणाला द्यायचा, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाचा विचार केला.

आता मोजताना काय होतं, कोणी जिंकायला लागणारा मतांचा कोटा गाठला नाही तर सर्वात खालचा बाद, आणि त्याच्या गठ्ठ्यातल्या कागदांवर 2 ज्याला लिहिलंय त्याच्याकडे ती मतं जातात. म्हणजे नेडरला 1 आणि खाली दुसऱ्याला 2 लिहिता आलं असतं तर त्या कॉफीवाल्या बाईंना उठून जावं लागलं नसतं. अमेरिकेत मेन राज्यात 2020 पासून अध्यक्षाला अशीच पद्धत आहे आणि यंदा अलास्कातही. पेनसिल्व्हेनियात नाही, ते भाच्याचं नशीब.

आपल्या राष्ट्रपतीची निवडणूकसुद्धा अशीच, आमदार खासदार पसंती लिहितात. 2007 ला प्रतिभाताई उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेना भैरोंसिंग शेखावतांच्या आघाडीत होती, तरी मराठी म्हणून ताईंना दिलं. नाडगावची लेक राष्ट्रपती झाली म्हणून आमच्या शाळेत पेढे वाटले होते, आणि खरं सांगायचं तर तेव्हा कोणी विचारलं नाही की ताई आवडतात का नाही, जिल्हा आपला एवढं पुरलं.

शेवभाजी_धुळे
21 ऑक्टोबर

मग कमला पण आपलीच ना मास्तर 😜

मास्तर_पारोळा
21 ऑक्टोबर

तिचं आजोळ तामिळनाडूत. पारोळ्याला थांबा नाही.

वाघूरची_लेक
22 ऑक्टोबर

मी सहसा लिहीत नाही, वाचते. पण नोटाचं एवढं हसून चाललंय म्हणून लिहिते.

मी शिक्षिका, इलेक्शन ड्युटी बऱ्याच केल्या. 2009 च्या विधानसभेला आमच्या बूथवर एक आजोबा आले, धोतर, टोपी, हातात पिशवी. बोटाला शाई लावून घेतली, रजिस्टरमध्ये सही केली आणि म्हणाले मला यातलं कोणीच नको. मी नवीन, मला कळेना. प्रिसायडिंग सर म्हणाले नियम 49-ओ, रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहा आणि त्यांची सही घ्या. मी लिहिलं. समोर बाकावर सगळ्या पक्षांचे एजंट बसलेले, गावातलीच पोरं, सगळे माना वर करून बघतायत. एकाने तर हसून विचारलं, काय आबा, आमचा पण नको का? आजोबांनी सही केली आणि पिशवी उचलून गेले. त्यांचा हात थरथरत होता, वयामुळे की कशामुळे ते मी सांगू शकत नाही. मत देणाऱ्याचं मत गुप्त आणि न देणाऱ्याचं गावभर, असं होतं ते. 2013 ला कोर्टाने नेमकं हेच पकडलं, की नाही म्हणणाऱ्यालाही गुप्तता पाहिजे. म्हणून मशीनवर शेवटचं बटण आलं. त्याने निकाल बदलत नाही हे मला पण माहीत आहे भुसावळकर. पण आबांना आता पोरांसमोर सही करावी लागत नाही.

आणि आपल्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 ला आदेश काढला होता की महानगरपालिका नगरपालिकेच्या निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त पडली तर निवडणूक परत घ्यायची. म्हणजे तिथं नोटाला दात आहेत, आमदारकी खासदारकीत नाहीत.

दुसरं भाच्याबद्दल. त्याला एक विचारा, तो मतदार नोंदणी करताना कोणत्या पक्षात नोंदवला? कारण मी वाचलं की पेनसिल्व्हेनियात प्रायमरीला फक्त त्या त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच मत देता येतं.

तापीकाठचा_मामा
22 ऑक्टोबर

ताई आत्ताच विचारलं. म्हणतो कोणत्याच पक्षात नाही, फॉर्मवर "पक्ष नाही" असं टिक केलं, मला त्या चिखलात पडायचंच नव्हतं. एप्रिलमध्ये प्रायमरी झाली तेव्हा त्याला मतच नव्हतं.

वाघूरची_लेक
22 ऑक्टोबर

तेच म्हणते मी. ज्यांना दोन्ही नको असतात ते आधीच बाजूला सरकतात, आणि उमेदवार तर तिथंच ठरतो. मग नोव्हेंबरमध्ये ताटात दोनच भाज्या आल्या म्हणून ओरडायचं. तिकडे निदान दार तरी आहे. पिट्सबर्गच्या भावांनी खरं खोटं सांगावं, पण याच राज्यात एप्रिलमध्ये निकी हेली शर्यतीतून बाहेर पडून दीड महिना झाला होता तरी तिला दीड लाखाच्या वर रिपब्लिकन मतं पडली. मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत एक लाखाच्या वर लोकांनी "अनकमिटेड" म्हणजे आम्ही कोणाचेच नाही यावर खूण केली, गाझाच्या रागातून. ही नाराजी मोजली गेली, पेपरात आली, नेत्यांना तिच्यावर बोलावं लागलं. आणि आपल्याकडे? 29 तारखेला अर्जाची शेवटची मुदत, आणि एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या तिकिटाचा कागद, कोणाच्या खिशात पडतो ते 28 च्या रात्री मुंबईला ठरतं. सकाळी तहसीलसमोर फटाके वाजले की आपल्याला कळतं की आपला उमेदवार कोण. तुमचा भाचा प्रायमरीला नको म्हणाला, आपल्याला कोणी विचारतच नाही.

शिरपूर_ते_पिट्सबर्ग
22 ऑक्टोबर

हेलीचं बरोबर आहे ताई, साडेसोळा टक्क्यांच्या आसपास होती. मला मान्य आहे, मी पण पहिली चार वर्षं "पक्ष नाही" होतो. नंतर नाक दाबून एका पक्षात नाव घातलं, त्याची फी नाही, सभेला जावं लागत नाही, वर्गणी मागायला कोणी दारात येत नाही. ईमेल मात्र खूप येतात.

नाराज_मतदार_नंदुरबार
23 ऑक्टोबर

ताईंचं आबांचं वाचून गप्प बसलो. मी पण शेवटचं बटण दाबतो दर वेळी, उगीच कशाला लपवू. पण घरात सांगत नाही, वडील एका पक्षाचे जुने कार्यकर्ते.

केळीवाले भाऊ, रागवू नका.

केळीवाला_सावदा
23 ऑक्टोबर

राग कसला. भरताची वांगी निघायला लागली की या मळ्यात. दोन्ही व्यापाऱ्यांना शिव्या देऊ बसून.

शेवभाजी_धुळे
23 ऑक्टोबर

एक सिरीयस बोलतो, मग परत गंमत. एका मताने काय होतं म्हणनाराहीसले सांगा, यंदा आमच्या धुळ्याची लोकसभा 3,831 मतांनी गेली. पूर्ण मतदारसंघात, सहा विधानसभा मिळून. आमच्या गल्लीत त्या दिवशी ऊन होतं म्हणून दुपारी न गेलेले मीच वीस मोजेल शेतस. त्यात मी पण एक.

तापीकाठचा_मामा
21 नोव्हेंबर 2024

मंडळी उशीर झाला, दिवाळी मग कापूस वेचणी मग आपलं मतदान, वेळच मिळाला नाही. काल झेडपी शाळेत जाऊन मत देऊन आलो, तास लागला, बायांची रांग मोठी होती.

भाच्याचं सांगतो. पिट्सबर्गचे भाऊ तुमचे आभार मानायला सांगितलंय. पठ्ठ्याने पाकीट भरलं, चिकटवलं आणि बाहेरच्यावर जन्मतारीखच टाकली होती! मी तुमचं लिहिलेलं जसंच्या तसं फॉरवर्ड केलं म्हणून गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. मग ऑफिसात जाऊन तिथल्या बाईला विचारून दुरुस्त करून आला. कोणाला दिलं विचारलं तर म्हणतो मामा, सिनेटर पासून खाली सगळे भरले आणि वरच्याचं विचारू नको. मी पण विचारलं नाही. आक्का म्हणजे माझी बहीण मात्र रोज फोनवर विचारते आणि तो रोज कट करतो.

निकाल तुम्ही बघितलाच, ट्रम्प 312, हॅरिस 226, पेनसिल्व्हेनिया पण ट्रम्पकडे, फरक सव्वा लाखाच्या आसपास. यंदा जिल स्टाइन आणि लिबर्टेरियन चेस ऑलिव्हर यांची तिथली मतं एकत्र केली तरी त्या फरकाला पुरत नाहीत. म्हणजे त्याने तिसऱ्याला दिलं असेल तरी त्याला कोणी कॉफीचा कप घेऊन उठायला लावणार नाही, असं मीच त्याला सांगितलं. हसला.

आणि वाघूरच्या ताई, त्याने परवा नोंदणीचा फॉर्म परत काढलाय, पक्षाच्या रकान्याशी अडलाय. तिथं पण दोनच दिसतात म्हणतो. काय सांगू?